टाकीवरच्या बाई

आमच्या अंगणवाडीच्या बाई रोज सकाळी पाण्याच्या टाकीवर चढत. पाणी बघायला नव्हे, ते टाकीत नसायचंच. राणीसावरगावाकडून येणारं नेटवर्क तेवढ्याच उंचीवर सापडायचं. दुखरे गुडघे घेऊन त्या एका हातानं लोखंडी शिडी धरायच्या, दुसऱ्या हातात लेकरांची रोजची माहिती भरायचा सरकारी मोबाइल. मी त्यांची मदतनीस, खाली उभी. "पडले तर आधी माहिती पाठीव, मग मला उचल," असं बजावायच्या.

मोबाइल देताना प्रशिक्षण झालं होतं. जेवण छान होतं. ॲप इंग्रजीत होतं आणि शिकवणारे साहेबही ते पहिल्यांदाच पाहत होते, एवढं सोडलं तर सगळं रीतसर. बाईंनी बटणांचे रंग वहीत लिहून घेतले. हिरवं म्हणजे पुढं, लाल म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. महिन्याभरात ॲप सुधारलं आणि सगळी बटणं निळी झाली.

त्या उन्हाळ्यात ऊसतोडीहून परतलेल्या एका घरातली दोन वर्षांची राधा फार वाळली होती. ॲप तिचं वजन घेईना. तिचं नाव साखर कारखान्याकडच्या अंगणवाडीत नोंदलेलं; तिथं ती म्हणे अजून रोज जेवत होती. बाईंनी टाकीवरून तालुक्याच्या साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, "स्क्रीनवर तर मुलगी निरोगी आहे."

"साहेब, स्क्रीनवरली ऱ्हाऊ द्या निरोगी. इथली मान टाकायलीय."

त्या खाली उतरल्या आणि राधाला व तिच्या आईला घेऊन एसटीनं गंगाखेडच्या दवाखान्यात गेल्या. तीन दिवस तिथंच राहिल्या. पोर वाचली. परतल्यावर बाईंना नोटीस मिळाली, तीन दिवसांची माहिती भरली नाही म्हणून. त्याच आठवड्यात आमचं गाव 'संपूर्ण डिजिटल' झाल्याचा फलक लागला.

पुढं बाई निवृत्त झाल्या. साडी-नारळ झाला, फोटो झाला. ॲपला मात्र ते मान्य नव्हतं. नव्या बाईंचा चेहरा ते ओळखेना, आणि चेहरा जुळल्याशिवाय लेकरांचा आहार मंजूर होईना. म्हणून दोन महिने जुन्या बाईच बिनपगारी येऊन मोबाइलपुढं तोंड धरायच्या. "सुनेला वाटतंय, मला अजून नोकरी हाय," म्हणायच्या.

मग एका सकाळी ॲपनं नव्या बाईंना ओळखलं. त्या दिवशीही जुन्या बाई वेळेवर आल्या. मी म्हटलं, "बाई, आता तुमी नाही आलात तरी चालतंय."

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि लेकरं जेवून उठेपर्यंत दारातच बसून राहिल्या.