इकाम्यावरचा पेशा आणि पाचिंकोचे खिळे

अन्याय माझ्या वडिलांवर झाला. एका गुरुवारी, दुपारची जोहरची नमाज आटोपून ते वर्कशॉपमध्ये परतले आणि त्यांनी चहाचा पहिला घोट घेतला, त्या वेळी. जागा अल खफजी, सौदीतलं, कुवेतच्या हद्दीला लागून असलेलं तेलाचं गाव. ऑफिसात कागदपत्रं बघणारा माणूस आला आणि उभ्या उभ्या म्हणाला, "तुमचा पेशा बंद झाला. विक्रीची कामं आता फक्त सौदींना. इकामा पुढे वाढणार नाही. खलास."

अब्बांनी कप खाली ठेवला. "विक्री? मी काय विकतो?"

प्रश्न बरोबर होता. अब्बांनी जन्मात काही विकलं नव्हतं. ते तेलाच्या पाइपांवरचे दाबमापक उघडायचे, साफ करायचे, काटा जागेवर आणायचे. पण इकाम्यावर, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्यावर, त्यांचा पेशा लिहिला होता 'मंदूब मबीआत'. विक्री प्रतिनिधी.

हे कसं झालं, ते सरळ सांगते. अब्बा सौदीला गेले तेव्हा त्यांच्या इकाम्यावर साधा कामगार लिहिलं होतं, आणि कामगाराला बायकापोरं आणता येत नाहीत. मी चार वर्षांची झाले तरी त्यांनी मला दोनदाच पाहिलं होतं. त्यांनी कफीलकडे, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा होता त्या मालकाकडे, पेशा बदलून मागितला. तंत्रज्ञ लिहायला डिप्लोमा लागतो. तो अब्बांकडे नव्हता. कफील म्हणाला, विक्रीवाल्याची एक जागा रिकामी आहे, घेऊन टाक. सगळ्यांनी सांगितलं, घे. खफजीतले रत्नागिरीकडचे अर्धे लोक असेच बसले होते. इलेक्ट्रिशियन शिंपी म्हणून, शिंपी ड्रायव्हर म्हणून. "काम आपल्याला माहीत आहे, कागदावर काय का असेना." हे वाक्य मी लहानपणी अस्सलाम आलेकुमइतक्या वेळा ऐकलं.

म्हणजे खोटा पेशा लिहिला गेला तो मी आणि अम्मी तिथे यावं म्हणून.

अब्बांना काम येत होतं हे मी ऐकीव सांगत नाही. वर्कशॉपमध्ये मुलीबाळींना जाता येत नसे. त्यांचा हात मी पाहिला तो घरात, एका पाचिंकोवर.

पाचिंको म्हणजे जपानी खेळाचं उभं यंत्र. लाकडी चौकट, पुढे काच, आत रंगवलेल्या फळीवर पितळी खिळ्यांचं रान. उजवीकडची मूठ दाबून सोडली की पोलादाची गोळी वर उडते आणि खिळ्यांवर आपटत खाली येते. वाटेत फुलासारखे प्लास्टिकचे छोटे कप असतात. गोळी त्यात पडली की फूल पाकळ्या उघडतं, घंटी वाजते आणि खालच्या ताटलीत मूठभर गोळ्या येतात. खफजीत पूर्वी तेलाच्या कामावर जपानी लोक राहायचे. ते गेले, आणि त्यांच्या मागे राहिलेलं हे यंत्र ठेकेदाराच्या यार्डात पत्र्याखाली वर्षानुवर्षं पडून होतं. अब्बांनी ते मागून घेतलं. देणाऱ्याला जागा रिकामी झाल्याचा आनंद झाला.

अम्मीने दारातच अडवलं. "अवो, हे जुगाराचं ना?"

"जपानात लावत असतील पैज. माझ्याकडे लावायला काय आहे? चष्मा?"

"चष्माच लावा. हरलात तर नवा तरी घ्याल."

तीन वर्षांचे शुक्रवार त्या यंत्रात गेले. समुद्राच्या खाऱ्या हवेने गोळ्या गंजून तपकिरी झाल्या होत्या. अब्बांनी त्या सिरक्यात, म्हणजे व्हिनेगरमध्ये, भिजवल्या, मग अम्मीच्या जुन्या सलवारीचा एक पाय कापून त्यात भुशासकट भरल्या आणि रोज घुसळल्या. अम्मी पाहुण्यांना सांगायची, "यांनी माझी सलवार जपान्यांना दिली." मागच्या बाजूचा प्लास्टिकचा पन्हळ हात लावला की तुटायचा, तो त्यांनी अॅक्रिलिकची पट्टी कापून नवा केला. फुलांच्या बिजागऱ्यांना गिटारची तार वापरली.

खिळे सगळ्यात शेवटी. दोन खिळ्यांमधली फट गोळीपेक्षा केसभर जास्त हवी. कमी झाली तर गोळी अडकते, जास्त झाली तर खेळच संपतो. अब्बांकडे पितळेची बोटाएवढी हातोडी होती. एका खिळ्याला एक टिचकी मारायची, मग वीस गोळ्या सोडून बघायच्या, मग पुढचा खिळा. मी विचारलं, इतकं हळू का? ते म्हणाले, "गोळीला वाटलं पाहिजे, ती आपल्या मर्जीने गेली."

एका शुक्रवारी त्यांच्या हाताखाली काम शिकणारा सौदी आमच्याकडे जेवायला आला. तिशीतला, दोन मुलांचा बाप, डिप्लोमावाला. सौदीकरणाच्या नियमात कंपनीने त्याला घेतलं होतं आणि अब्बांना सांगितलं होतं, याला सगळं शिकवा. अब्बांनी शिकवलं. हातचं काही राखून ठेवलं नाही. त्याने पाचिंकोची हातोडी मागितली, खिळ्याला टोला मारला आणि गोळी सोडली. ती सरळ काचेवर आदळली.

"तू लोहार आहेस का?" अब्बा त्यांच्या मोडक्या अरबीत म्हणाले. "शुवय, शुवय. हळू."

तिसऱ्या खेपेला फूल उघडलं, घंटी वाजली. तो अब्बांकडे वळला आणि म्हणाला, "या मुअल्लिम." म्हणजे उस्ताद. त्या दिवसापासून तो त्यांना दुसऱ्या नावाने बोलवत नसे. माझा त्याच्यावर राग नाही, हे लिहून ठेवते. हे पत्रक वाटताना लोक मला विचारतात, सौदी माणसाने तुमच्या बापाची नोकरी खाल्ली ना? नाही. त्याला काम हवं होतं, त्याचा हक्क होता. खाल्लं ते कागदाने, आणि तो कागद आम्ही घरात ठेवून घेतला होता.

शाळेत मी अरबी शिकत होते. मला वाचता येतं हे दाखवायला मी एकदा अब्बांचा इकामा मोठ्याने वाचला. पेशा आला तेव्हा खो खो हसले. "अब्बा, तुम्ही विक्री प्रतिनिधी! तुम्हांला तर कोथिंबिरीचा भावही करता येत नाही." अम्मी हसली. अब्बाही हसले. त्या घरात अरबी वाचून समजणारी मी एकटी होते, आणि वाचून मी फक्त हसले.

गुरुवारी ते घडल्यावर तो सौदी आपण होऊन ऑफिसात गेला. म्हणाला, हा माणूस फन्नी आहे, तंत्रज्ञ आहे, मला यानेच शिकवलं. कागदपत्रंवाल्याने संगणकाचा पडदा त्याच्याकडे फिरवला. "वाच, इथे काय लिहिलंय." त्याने वाचलं. आणि तो परत आला. कफीलने फोन उचलला नाही. अनुभवाचा दाखला मात्र चोख मिळाला, शिक्क्यासकट: विक्री प्रतिनिधी, वर्तन उत्तम.

गावी पाठवायचं सामान कार्गोत द्यायला गेलो. तिथला माणूस हैदराबादचा. पाचिंको बघून म्हणाला, "चचा, ये क्या है?" अब्बांनी खरं सांगितलं.

"जुए का आइटम? नक्को चचा, ये नहीं जाता. लकड़ी की अलमारी लिख देता हूँ, चुप रहो."

मी म्हटलं, "लिहू द्या ना, अब्बा. कोण उघडून बघतंय?"

अब्बांनी यंत्र परत ओढून घेतलं. मग म्हणाले, "एकदा लिहू दिलं, बाय. पुरे."

अब्बांनी यंत्र त्या शिकणाऱ्या सौदीला देऊ केलं. त्याने हात जोडल्यासारखं केलं: मुअल्लिम, माझ्या वडिलांना हे घरात चालणार नाही, ते जुगारच म्हणतील. मग दोघांनी ते उचलून यार्डात नेलं आणि त्याच पत्र्याखाली ठेवलं. अब्बांनी गोळ्या आतच ठेवल्या. हातोडी तेवढी बॅगेत घातली.

गावी आल्यावर त्यांनी रायगडातल्या एका रासायनिक कारखान्यात अर्ज केला. मी बरोबर गेले होते. समोरच्या तरुण साहेबाने दाखला वाचला. "काका, तुम्ही तर सेल्सला होता. इन्स्ट्रुमेंट विभागात कशाला?"

अब्बा म्हणाले, "एक बिघडलेला मापक द्या. इथे बसून दुरुस्त करतो."

साहेब हसला. वाईट नव्हता, पण हसला. नेमका मी हसले होते तसा. "असं नसतं ना काका."

आता अब्बा मामांच्या हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्याशेजारी उभे असतात. खिळे वजनावर देतात. गिऱ्हाइकाने भाव पाडला तर अजून त्याच भावाला देऊन टाकतात. इकाम्यावर लिहिलेलं शेवटी खरं झालं. ते विक्रेते झाले.

तुमचं कोणी तिकडे असेल, खफजीत, तबूकला, हफ्र अल बातिनला, कुठेही, तर हे पत्रक बाजूला ठेवा आणि त्यांना आत्ता फोन करा. इकामा हातात घ्यायला सांगा. त्यावरचा पेशा अरबी येणाऱ्या माणसाकडून वाचून घ्यायला सांगा. तो आणि रोजचं काम एक नसेल, तर नोकरी चालू आहे तोवर, कफीलला त्यांची गरज आहे तोवर, बदलून मागायला लावा. आणि आज काय काम करतात ते त्याच नावाने, शिक्क्यासह, लिहून घ्यायला लावा. ते म्हणतील, कागदावर काय का असेना. तेव्हा हसू नका. फोन ठेवू नका.