शेवंता दिसू नये म्हणून फिरवलेली खोली

आमच्या नव्या घरात पहिले पाहुणे म्हणून भन्तेजी आले, ते खिडकीतून. चूक माझी होती.

माझा मिलिंद सणसवाडीला कारखान्यात कामाला. पत्र्याच्या भाड्याच्या खोलीत तो, मी आणि पोटुशी सून सुजाता. त्या सुमारास एका बिल्डरनं तिथं नवाच प्रकार काढला. आख्खी खोली शेडमध्येच तयार करायची. ओटा, मोरी, नळ, दार, खिडकी, सगळं आतच बसवायचं. मग ती ट्रेलरवर घालून आणायची आणि क्रेननं एकावर एक रचायची. (बटाट्याची खोकी रचतात तशी!) स्वस्त पडतं आणि झटपट होतं. बाळ यायच्या आधी स्वतःचं घर होईल म्हणून मिलिंदनं नाव नोंदवलं.

सगळं झकास होतं, पण मजल्यावर मधे गॅलरी, दोन्हीकडं खोल्या, दाराला दार. आणि आमच्या समोरची खोली माझ्या धाकट्या जावेची, शेवंताची! केंदूरला एका लग्नात ही बाई भर पंगतीत म्हणाली होती, "आक्काच्या वरणात डाळ हुडकावी लागती." तेव्हापासून आमचा अबोला. (डाळ कमी होती. पण म्हणायचं का?) आता रोज दार उघडलं की हिचं तोंड!

आमची खोली आली त्या दिवशी मिलिंद कामावर आणि साइटवरचे साहेब जेवायला गेलेले. प्लास्टिकात गुंडाळलेली खोली क्रेनला लटकत होती. मी ड्रायव्हरपाशी गेले.

"ए भैया! दरवाजा किदर आयेगा?"

"गॅलरी की तरफ, माताजी."

"न्हाई न्हाई! उलटा फिराव. पिछू करो."

"साहब ने बोला है क्या?"

"साहब को मैं बोलेगी. घर मेरा हाय!"

बिचाऱ्यानं फिरवली. चारी कोपऱ्यांची भोकं दोन्हीकडून सारखीच, त्यामुळे खोली चपखल बसली. पोरांनी बोल्ट आवळले आणि क्रेन दौंडकडं दुसऱ्या कामाला निघून गेली. दार मागं गेल्यावर आत जायचं कसं, हा विचार माझ्या डोक्याला शिवलासुद्धा नाही. जिना काय, येईल मागनं!

संध्याकाळी मिलिंदनं गॅलरीतून प्लास्टिक फाडलं. दाराच्या जागी ओट्यावरची खिडकी! दार पार पलीकडं. ते उघडून पाऊल टाकलं असतं, तर माणूस थेट तिसऱ्या मजल्यावरून कुणाच्या तरी शेळ्यांवर! नळाचे पाइपही भलतीकडं लोंबत होते.

"कुणी फिरवली ही?" साहेब कडाडले.

पोरांनी माझ्याकडं बघितलं.

"आई, का गं?" मिलिंदचा आवाज बारीक झाला होता.

वास्तू मानणाऱ्यांची बरी सोय असते. दिशेवर ढकललं की सुटले! आम्ही बौद्ध. असलं काही मानायचं नाही, हे मीच वस्तीभर सांगत फिरलेली. मग खरं तेच बोलावं लागलं.

"समोर शेवंता दिसती म्हनून."

शेवंता समोरच्या दारात उभीच होती.

क्रेन मोकळी होईपर्यंत इलाज नव्हता आणि नव्या घराच्या बुद्धवंदनेला माणसं बोलावलेली. खिडकीची जाळी काढली. शेवंतानं न विचारता स्टूल आणून ठेवलं. भन्तेजींनी चीवर सावरलं, ओट्यावर पाय दिला आणि म्हणाले, "माणसानं घरात सावध होऊनच यावं. इथं तशी सोय आहे." सगळे हसले. मग मी चढले आणि निम्म्यात अडकले! आत मिलिंद हात ओढतोय, मागून कुणीतरी ढकलतंय.

"आक्का, पोट आत घ्या जरा!"

जिचं तोंड बघायचं नव्हतं, तिनं माझं बूड ढकललं.

सुजाताचे दिवस भरत आलेले. ती कशी चढणार? भाड्याची खोली तर सोडलेली. मी म्हटलं, "केडगावला म्हायेरी धाडू."

"दिस भरल्यात, आन् गाडीत हादरं खायला धाडता व्हय?" शेवंता म्हणाली. "माझ्याकडं ऱ्हाईल ती."

नात झाली. दवाखान्यातून आली ती शेवंताच्या घरी. पहिली अंघोळ शेवंताच्या मोरीत, शेवंताच्या पायांवर. मी समोर माझ्या ओट्यापाशी उभी राहून बघत होते. (आता तर दिवसभर तिचंच दार समोर!) माझ्याच नातीला घ्यायला मला स्टुलावरून उतरावं लागायचं. प्यायला पाणीही शेवंताच खिडकीतून द्यायची.

शेवटी क्रेन आली. ड्रायव्हर तोच. त्यानं मला बघितलं आणि इंजिनच बंद केलं.

"पहले माताजी को यहाँ से हटाओ!"

हे एकदम सगळ्यांना पटलं. साहेबांना, मिलिंदला, ओल्या बाळंतिणीलासुद्धा! मला रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर नेऊन बसवलं आणि राखणीला दिली शेवंता. तिनं दोन चहा सांगितले आणि माझी बशी पुढं सरकवली. समोर माझं घर आभाळात गरागरा फिरत होतं. ते खाली बसेपर्यंत ती एकदाही हसली नाही. हसली असती, तर निदान भांडता तरी आलं असतं.