तारखेच्या ओळीपाशी

ब्रेल पुस्तकांच्या छापखान्यात त्याला सगळे ‘डॉक्टर’ म्हणत. बिघडलेल्या कॉम्प्युटरसमोर तो आधी हात मागे बांधून उभा राहायचा, कुठे दुखतंय ते विचारायचा, आणि एका वेळी एकच बदल करून पाठकोऱ्या कागदावर टिपायचा.

सोमवारी मात्र घाई नडली. सुरक्षेसाठी नवी ऑपरेटिंग प्रणाली घाला, असं वरून पत्र आलं, आणि उत्साहाच्या भरात त्याने ती सगळ्या कॉम्प्युटरवर एकदम चढवली. तेव्हापासून मजकुराचं ब्रेल करणारा जुना प्रोग्रॅम एकही पान पुरं करीना. छापता छापता कोसळायचा.

त्या प्रोग्रॅमच्या पोटात अठरा वर्षांचे संक्षेप होते, म्हणजे लांब शब्दांसाठी मोजक्या ठिपक्यांच्या खुणा. पुस्तक कमी पानांत बसावं म्हणून दृष्टी नसलेल्या तपासनीस ताईंनी ते एकेक करून ठरवले, भरले. साहेबांनी सांगून टाकलं होतं, “शुक्रवारी संध्याकाळपर्यंत बघू. नाहीतर नवा प्रोग्रॅम घेऊ. ताईंचे संक्षेप त्यात जाणार नाहीत, पण इलाज नाही.”

शुक्रवार उजाडला, दुपारही झाली.

“काय डॉक्टर, पेशंट आहे का गेला?” ताईंनी खुर्ची ओढली.

“धुगधुगी आहे.”

“मग तोंड का पाडलंय?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“आवाज पडलाय हो. तोंड काय, त्याच्या मागोमाग जातं.”

तो कसंनुसं हसला. चूक त्याची, आणि पुसली जाणार होती यांची मेहनत.

ताईंनी रद्दीतली वाया गेलेली पानं मांडीवर घेतली. बोटं फिरवता फिरवता त्या थांबल्या. “मध्येच तुटतंय म्हणालात ना? मध्येच नाही. सगळी पानं एकाच जागी तुटलीत. खाली तारीख-वेळेची ओळ येते, तिच्या बरोब्बर आधी.”

चार दिवस ती पानं त्याच्या डोळ्यांसमोर पडून होती. पांढऱ्यावर पांढरे ठिपके. त्याला ते वाचता येत नव्हते.

तारीख! जुना प्रोग्रॅम वेळ विचारायला मेमरीतल्या एका ठरलेल्या पत्त्यावर जायचा. तो पत्ता कॉम्प्युटरमध्ये घुसणाऱ्या चोरांनाही पाठ झालेला, म्हणून नव्या प्रणालीच्या गाभ्याने, कर्नलने, ते दारच बंद केलं होतं. बिचारा प्रोग्रॅम जाऊन भिंतीवर आपटत होता. डॉक्टरने सुरू होतानाच्या सूचनांमध्ये एक ओळ घातली: दार उघड, पण तिथे पहारा ठेव. कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला.

यंत्र खडखडत पानाच्या तळापर्यंत गेलं.

“आली का ओळ?” ताईंनी विचारलं.

“तुम्हीच सांगा.”

“शुक्रवार. दोन वाजून दहा.” ताईंचं बोट तिथेच थबकलं.

साहेब दारातूनच म्हणाले, “वाचला म्हणायचा!”

गप्प बसता आलं असतं. “आजच्यापुरता,” डॉक्टर म्हणाला. “पुढेमागे प्रणालीवाले ही पळवाटही बुजवतील.”

साहेब गेल्यावर त्याने कोरी फाईल उघडली. “ताई, संक्षेप सांगत चला. साध्या मजकुरात लिहून ठेवू. मग प्रोग्रॅम कुठलाही येवो, पुन्हा भरता येतील.”

“सगळे? हजारावर आहेत हो!”

“असू देत की.”

ताईंनी घसा खाकरला आणि ‘अ’पासून सुरुवात केली.