फिटरच्या बारा तारा

गेल्या वर्षी फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवारी, पनवेलच्या एका वाद्यांच्या दुकानात, फिटरनी बारा तारांची गिटार दातांनी तपासली. खिशातला धुतलेला रुमाल त्यांनी गिटारच्या वरच्या कडेवर पसरला, त्यावर वरचे दात टेकवले, डोळे मिटले आणि एकेक तार छेडायला सुरुवात केली. दुकानदार काउंटरमागून बाहेर आला.

"काका, हे काय चाललंय?"

"ऐकतोय," फिटर दात न उचलताच म्हणाले.

फिटर हे त्यांचे नाव नव्हते, काम होते. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पंप आणि मोटारी दुरुस्त करण्यात त्यांची पंचवीसहून अधिक वर्षे गेली होती. पोलादपूरच्या अलीकडच्या एका वाडीतून ते मोटरसायकलने पाळीवर येत. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी लांब स्क्रू ड्रायव्हर असे. त्याचे टोक मोटारीच्या अंगावर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवून ते आतला आवाज ऐकत. कामावर सगळेच फिटर असे करतात. हे बाहेरही करत. घरचा मिक्सर झाला, वहिनींचे, म्हणजे त्यांच्या बायकोचे, शिलाई मशीन झाले, शेजाऱ्यांचा पंखा झाला. एकदा पोलादपूरच्या स्टँडवर बंद पडलेल्या एसटीलाही त्यांनी तो लावला. चालक म्हणाला, "काय डॉक्टर, पेशंट वाचंल का?" फिटर म्हणाले, "वाचंल. पण आज घरी नाय जायचा." एसटी दुसऱ्या दिवशी दुपारी हलली.

आमचे भीमगीतांचे लहानसे मंडळ होते. निवृत्त प्राथमिक शिक्षक असलेले गुरुजी पेटी वाजवत. अंगणवाडीत नोकरी करणाऱ्या शालूताई गात, त्यांचा भाऊ ढोलकीवर असे आणि फिटर गिटारवर. मी निवेदक. दोन गाण्यांच्या मध्ये बोलायचे एवढेच माझे काम; सुरातले मला काही कळत नाही. फिटर कार्यक्रमाच्या तासभर आधी येऊन गिटार पेटीशी जुळवत आणि जो समोर दिसेल त्याला विचारत, "जुळलं का?" उत्तराची त्यांना गरज नसे. नंतर नंतर त्या तासाचा दीड तास झाला आणि ते उत्तरासाठी थांबू लागले.

गिटार पेटीपासून सुटते आहे हे आधी शालूताईंच्या लक्षात आले. वीर स्टेशनजवळच्या एका गावात सलग तीन गाणी तशी झाल्यावर त्या हसत म्हणाल्या, "दादा, आज गिटार माहेरी गेलीय वाटतं." फिटरही हसले. गुरुजी हसले नाहीत. त्यांच्या जावयांनी नुकताच कीबोर्ड घेतला होता आणि त्याला जुळवावे लागत नाही, हे जावई प्रत्येक सरावाला येऊन सांगत. परतीच्या वाटेवर गुरुजी मला म्हणाले, "वीस मार्चला असं झालेलं चालणार नाही. झालं, तर पुढच्या कार्यक्रमापासून जावईबापू बसतील." वीस मार्च हा चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा दिवस. त्या दिवशी महाडमध्ये गायला मिळणे हे आमच्या मंडळाचे वर्षातले सर्वांत मोठे काम होते. गुरुजींचे बोलणे मी फिटरना सांगितले नाही. ते त्यांच्यापर्यंत पोहोचलेच.

पनवेलला जाताना, वीरहून सकाळच्या गाडीत बसल्यावर, त्यांनी मला खिडकीकडून उठवून आपल्या डाव्या हाताला बसवले. "हा कान बरा हाय," ते म्हणाले आणि मग सगळे सांगितले. कारखान्यात दर वर्षी कानांची तपासणी होते. काचेच्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावतात. आवाज आला की बटण दाबायचे. दोन वर्षे त्यांनी काचेत दिसणाऱ्या तंत्रज्ञाच्या हाताकडे बघून बटण दाबले होते. या वर्षी तंत्रज्ञ त्यांच्याकडे पाठ करून बसला.

"मोठं येतं, बारीक नाय येत," ते म्हणाले. "कुकरची शिट्टी गेली. हिचं ओरडणं अजून येतं."

"कारखान्यात काय म्हणाले?"

"कारखान्याचं सोड. तिथं दुसरा फिटर येईल. मंडळातून नाय जायचं मला."

बारा ताराच का, हेही त्यांनी गाडीतच समजावले. सहा तारांच्या गिटारीत एक तार उतरली तर ती एकटी उतरते, वाजवताना ते सांगायला शेजारी कोणी नसते. बारा तारांच्या गिटारीत प्रत्येकीला जोडीदार असतो. वरच्या दोन जोड्यांत दोन्ही तारा अगदी एकाच सुराच्या. बाकीच्या चार जोड्यांत एक जाड आणि दुसरी तिचाच वरच्या सप्तकातला सूर देणारी बारीक. जोडीतली एक जराशी सरकली की आवाजात हेलकावा येतो. "पंप आणि मोटार एका रेषेत नसले की कसं थरथरतं, तसं," ते म्हणाले. "जुळलं की थरथर बंद. त्याला कान नाय लागत. दाताला कळतं."

पंधरा हजारांच्या वर जायचे नाही असे ठरले होते. त्या बेतात दुकानात तीन गिटारी होत्या. पहिली निळी, चकचकीत होती. फिटरनी कारखान्यातली फीलर गेज आणली होती. ही म्हणजे वेगवेगळ्या जाडीच्या पोलादी पात्यांची जुडी, फटी मोजण्यासाठी असते. तिचे सर्वांत पातळ पाते त्यांनी घोडीच्या, म्हणजे तारा जिथे बांधतात त्या पट्टीच्या, मागच्या कडेला लावले. पाते आत गेले. "बारा तारांची ओढ हाय. घोडी आत्ताच उठतीय," असे म्हणून त्यांनी ती गिटार बाजूला ठेवली. दुसरीची घोडी घट्ट होती, पण तीन खुंट्या पिळल्या की मागे सरकत होत्या. तिसरी माळ्यावर होती. दुकानदाराने ती नाखुशीनेच खाली काढली. रंग उडालेला, एका कोपऱ्यावर ओरखडा.

"ही दोन वर्षं पडून आहे, काका. लाकूडही साधं आहे, प्लायचं. थोडे वाढवा, सॉलिड लाकडाची घ्या. आवाज खुलतो."

"दोन पावसाळे इथंच काढले हिनं?"

"हो."

फिटरनी मान एका डोळ्याने तपासली, सुतार फळी बघतो तशी. पोटावर पोलादी पट्टी आडवी ठेवली. कुठे फुगवटा नव्हता. "म्हणजे हिचं वाकायचं ते वाकून झालं," ते म्हणाले. "आमच्याकडे पावसात कपाटाचं दार लागत नाय, भाऊ. तुझं चांगलं लाकूड घेऊन मी करू काय?" मग रुमाल निघाला.

पैसे घेताना दुकानदाराने दोन गोष्टी सांगितल्या. एक, तारा नेहमी एक सूर उतरवूनच ठेवा, वरची पट्टी हवी असेल तर मानेला चाप लावा. दुसरी, गिटारच्या डोक्याला अडकवायचा ट्यूनर घ्या. दिवा हिरवा झाला की जुळली. पहिली फिटरनी ऐकली. दुसरा उपाय आम्ही आधीच करून पाहिला होता. गुरुजींची पेटी त्यांच्या वडिलांची, तिचे सूर आजच्या मापापेक्षा बरेच चढे होते. हिरव्या दिव्यावर जुळवलेली गिटार तिच्याशेजारी वाजली की दोन्ही खोट्या वाटत. आणि पेटीचे सूर बदला, हे गुरुजींना सांगायला मंडळात कोणी तयार नव्हते.

पाच आठवडे सराव झाला. फिटर गिटारचे डोके पेटीच्या लाकडाला टेकवून, स्वतः गिटारवर वाकून बसत. पेटीचा सूर लाकडातून लाकडात आणि तिथून दातात येई. त्याच्याशी एक जोडी जुळवली की बाकीच्या तिच्यावरून. गुरुजींनी एकदा विचारले, "फिटर, झोप झाली नाही का?" ते म्हणाले, "जड हाय गुरुजी ही. टेकवून धरतोय." घरी वहिनींना ते फसवू शकले नाहीत. त्या मला म्हणाल्या, "भाकरी चावली तर दाढ दुखते म्हनतात. आनि बसलेत लाकूड चावीत." गिटार मात्र पेटीला सोडून गेली नाही. शालूताईंनी माहेरची आठवण पुन्हा काढली नाही. मी दर सरावाला फिटरच्या जबड्याकडे बघत असे आणि तो सैल पडेपर्यंत माझे दुसरीकडे लक्ष लागत नसे.

वीस मार्चला आमची वेळ दुपारी दोनची होती. ऊन कडक होते. गिटार सकाळी घरी जुळवलेली होती. मंचावर पेटीशी पुन्हा ताडून बघायची होती. गावात सगळीकडे गाणी चालू होती आणि शेजारच्या मोठ्या स्पीकरांचा ठेका मंचाच्या फळ्यांतून वर येत होता. फिटरनी गिटारचे डोके पेटीला टेकवले, दात लावले, पुन्हा लावले. मग माझ्याकडे पाहून मान हलवली. सगळेच थरथरत होते. दाताला वेगळे काही कळत नव्हते. गिटारच्या आपापल्या जोड्यांत हेलकावा नव्हता, तेवढे त्यांना हाताखाली कळत होते. पेटीचे कळत नव्हते.

"सांग रे," ते म्हणाले. "पेटीशी जुळलं का?"

गुरुजी आमच्याकडे बघत होते. मी म्हणालो, "जुळलं."

पहिल्या कडव्याला शालूताईंनी मान वळवून गिटारकडे पाहिले आणि माइकसह अर्धे पाऊल तिकडे सरकल्या. गुरुजींनी भाता जोरात ओढला, मग हळू केला, मग दुसऱ्या गाण्यापासून फक्त मोजके सूर धरले. पाच गाणी झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पेटी बंद करताना गुरुजी स्वतःशीच म्हणाले, "पेटी वेगळी बोलत होती आज. म्हातारी झाली."

"काय म्हणाले?" फिटरनी मला विचारले.

"चांगलं झालं म्हणाले."

एसटी डेपोकडे चालताना शालूताईंनी मला खरे काय ते सांगितले. उन्हात बाराही तारा एकदमच उतरल्या होत्या. सगळ्याच सारख्या उतरल्यामुळे जोडीजोडीत तक्रार नव्हती. फिटरना ते कळण्याचा मार्ग नव्हता. "पेटी बरोबर होती," त्या म्हणाल्या. "मी गिटारीला धरून गायले. पेटीला धरून गायले असते तर दादांनी हात थांबवला असता, आणि मग जावईबापू होतेच."

गुरुजींनी एप्रिलमध्ये पेटी पुण्याला दुरुस्तीला पाठवली. कारागिराने सगळे सूर आजच्या मापावर आणून दिले. मेअखेर पेटी परत आल्यावरच्या पहिल्या सरावाला फिटरनी सवयीने दात लावले, थांबले, मग माझ्या खिशातल्या फोनवर ट्यूनर उघडायला लावला. दिवा हिरवा होता आणि पेटीही तेच सांगत होती. पुढच्या रविवारी ते मोटरसायकलच्या टाकीवर फणस घेऊन गुरुजींच्या दारात आले. मी आणि शालूताई तिथेच होतो.

"कान गेलेत माझे, ते तुम्हाला कळलंच असणार गुरुजी. माझ्यासाठी वडिलांची पेटी बदललीत. जय भीम."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिले, मग शालूताईंकडे.

"घ्या हो गुरुजी," शालूताई म्हणाल्या. "एवढं वजन किती वेळ धरायचं त्यांनी?"

गुरुजींनी फणस घेतला. फिटर गेल्यावर ते पायरीवर बसले. "म्हणजे माझी पेटी बरोबर होती," ते म्हणाले.

"होती," शालूताई म्हणाल्या.

"मग आता?"

"आता दोन्ही बरोबर आहेत."

जावईबापूंना त्यांनी त्याच आठवड्यात सांगितले की मंडळात जागा नाही.

त्यानंतर फिटरनी चार कार्यक्रम वाजवले. ट्यूनर त्यांनी विकत घेतला आणि गिटारच्या डोक्याला कायमचा लावून टाकला. जुळवणीची काळजी मिटली. चौथा कार्यक्रम दिवाळीनंतर, पोलादपूरजवळच्या एका वाडीत, संध्याकाळी होता. तिसरे गाणे संपले, ढोलकी थांबली, शालूताईंनी माइक खाली केला आणि फिटर वाजवत राहिले. डोळे मिटलेले होते. दोन आवर्तने त्यांनी एकट्याने वाजवली. गुरुजींनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवल्यावर ते थांबले. लोकांना वाटले तसेच बसवले आहे, टाळ्या मिळाल्या. घरी जाताना ते मला म्हणाले, "जुळवायचं जमतं रे. थांबायचं नाय जमत."

पाचवा कार्यक्रम डिसेंबरात, महाडमध्ये झाला. फिटर आले नाहीत. दुपारी वहिनींनी गिटार रिक्षातून पाठवली. ती कशासाठी, हे त्यांनी किंवा फिटरनी कळवले नव्हते. आमच्यात दुसरे कोणी गिटार वाजवत नाही. शालूताईंनी ती पेटीशेजारच्या खुर्चीवर बसवली, गुरुजींकडून सूर घेतला आणि एकेक जोडी छेडून पाहिली. बाराही तारा पेटीशी जुळलेल्या होत्या. गुरुजींनी मला सुरुवात करायला सांगितले.