तांडेलाची घंटा

आमच्या हायस्कुलाची घंटा घड्याळ बघून वाजत नसे, खाडी बघून वाजायची. आणि ती वाजवणारे आमचे शिपाई भिंतीवरच्या घड्याळाकडे असे बघायचे, जसं आपण न बोलावता जेवायला आलेल्या पाहुण्याकडे बघतो.

त्यांना सगळा गाव तांडेल म्हणे. मलबारपर्यंत जाणाऱ्या गलबतावर ते खरोखरचे तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके होते. गलबत खडकावर फुटलं, त्यात त्यांचा डावा पाय कायमचा अधू झाला, आणि हाताशी राहिली ती गलबतावरची पितळी घंटा. ती त्यांनी शाळेच्या आवारातल्या आंब्याला टांगली आणि स्वतः शिपायाची खाकी टोपी घातली. टोपी त्यांना मुळीच शोभत नसे.

फाटकाशी उभं राहून ते येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत, "जेवलंस?" हो म्हटलं तरी सुटका नसे. आधी डोळे बघायचे. खोटं बोलणाऱ्याला मागच्या पडवीत नेऊन पेज आणि लोणच्याची फोड. माझ्या वर्गातला एक मुलगा आठ दिवस तोंडातून अक्षर काढीना. मास्तर त्याला ढ ठरवून मोकळे झाले. तांडेल सरळ वर्गात शिरले. "ढ न्हय तो. त्याची आय मुंबयक दवाखान्यात आसा. त्याका प्रश्न इचारू नकात, वायच शेजारी बसा." आणि मास्तर बसले हो! मी डोळ्यांनी पाहिलंय.

आम्ही पंधरा-वीस मुलं खाडीपलीकडची. तरीच्या होडीतून यायचो. अष्टमी-नवमीच्या सुमाराला ऐन अकराच्या वेळेला सुकती असते, पाणी मागे जातं आणि होडी चिखलात रुतून बसते. मग तारी, म्हणजे होडीवाला, वळसा घालून, बांबू रोवत रोवत होडी धक्क्याला आणणार. लवकर निघावं तर घरचं पाणी भरायचं कोणी, गोठा कोणी आवरायचा? म्हणून तांडेल आवाराच्या दगडी गडग्यावर चढून उभे राहत. आमच्यातलं शेवटचं पोर धक्क्यावर चढलं की लंगडत खाली येऊन घंटा वाजवत. जुने हेडमास्तर याच भागातले, त्यांनी कधी हूं की चूं केलं नाही.

मग नवे हेडमास्तर आले ते घाटावरचे. तळेऱ्याला मोटार बदलून पोचले तेव्हा ओकून ओकून अर्धमेले झाले होते. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या गावची नदी रोज एकाच दिशेने वाहायची. खाडीचं पाणी दिवसातून दोनदा जातं आणि दोनदा येतं, हे त्यांना पटेचना. त्यांना वाटलं, पोरं सोंगं करतात आणि शिपाई त्यांना सामील आहे. त्यांनी नियम काढला: घंटा अकराच्या ठोक्याला, आणि महिन्यात तीनदा उशिरा येणाऱ्याचं नाव पटावरून कमी.

तांडेल म्हणाले, "मास्तरांनू, तुमचा घड्याळ बरा आसा. पण आज तिथ खंयची, ता त्याका म्हायत नाय. पोरां चढल्याबगर गलबत सोडणारो तांडेल मी न्हय."

"ही शाळा आहे, गलबत नाही!" हेडमास्तर कडाडले. "उद्यापासून अकराला घंटा वाजली पाहिजे."

दुसऱ्या दिवशी अकराला तांडेलांनी घंटा वाजवली नाही, आंब्यावरून खाली काढली. फडक्यात गुंडाळली, काखेत मारली. "घंटा माजी. वेळ तुमची. तुमची वेळ तुमी वाजवा." टोपी टेबलावर ठेवून चालू लागले. त्या दिवसापासून शाळा पितळेच्या थाळीवर भरू लागली. तिचा आवाज असा, जणू ग्रहण लागलं म्हणून कोणी थाळ्या बडवतंय!

नव्या नियमाचा सगळ्यांत मोठा धोका मला होता. बाबा मुंबईला गिरणीत होते, घरात काकांचं चालायचं. मुलगी आठवीत गेली हेच त्यांच्या डोळ्यांत खुपत होतं. नाव कमी झालं तर पुन्हा पाठवणार नाही, असं त्यांनी आईला बजावलं होतं. आणि त्या महिन्यात माझ्या नावावर दोन उशीर पडले होते.

तिसऱ्या वेळी होडी धक्क्यापासून वीसेक हातांवर रुतली. तारी म्हणाला, थांबा, वळवतो. तेवढ्यात शाळेच्या बाजूने थाळी वाजायला लागली आणि मी दप्तर डोक्यावर धरून उडी मारली. चार पावलं गेले. पाचव्याला कमरेपर्यंत आत. पाय हलवीन तशी खाली जायला लागले. होडीतली पोरं रडायला लागली.

"हलू नको गो! हललंस तर खाली जातलंस!" तो आवाज तांडेलांचा. टोपी टाकली तरी माणूस रोज धक्क्यावर येऊन बसतच होता, शेजारी काथ्याचा दोर घेऊन. त्यांनी माडाच्या झावळ्या चिखलावर टाकल्या, त्यांवर पालथे पडून सरपटत आले आणि दोर माझ्या काखेखालून घेतला. मी रडत एकच म्हणत होते, तिसरा उशीर झाला, तिसरा उशीर झाला. ते म्हणाले, "रडतंस कित्याक? आज तुजी हाजरी मी घालतंय."

आम्ही दोघं नखशिखांत चिखलाने माखलेली. तांडेलांनी माझा हात धरून मला तशीच ऑफिसात नेली. नुकत्याच सारवलेल्या जमिनीवर आमची काळी पावलं उमटत गेली.

"मास्तरांनू, हाजरी घेवा. चेडू इला."

हेडमास्तर उठून उभे राहिले. तांडेलांचा आवाज चढला. "ता वेळेवरच उतारला होता, चिखलात. हयसर पोचाक उशीर झालो. लिवा, काय लिवतास ता!"

हेडमास्तरांनी हजेरीपत्रक उघडलं. टाक दौतीत बुडवला. माझ्या नावापुढे त्यांनी हजर लिहिलं, आधीच्या दोन उशिरांवर रेघ मारली आणि विचारलं, "बाळ, लागलं का गं कुठे?" संध्याकाळी ते स्वतः तांडेलांच्या घरी टोपी घेऊन गेले. घंटा पुन्हा आंब्यावर चढली. पुढे तेच हेडमास्तर फळ्यावर तारखेशेजारी तिथी लिहायला लागले.

मी मॅट्रिक झाले. काकांच्या नाकावर टिच्चून मास्तरीण होऊन त्याच शाळेत आले. तोवर तांडेल अंथरुणाला खिळले होते आणि घंटा माझ्याकडे आली होती. त्यांचं घर शाळेच्या कुंपणालगतच होतं. शेवटच्या दिवशी सकाळी मी उशाशी बसले होते. त्यांनी डोळे उघडले. "आज तिथ खंयची?"

"अष्टमी."

"मगे हयसर काय करतंस गो? होडी येयत. जा."

मी गेले. गडग्यावर उभी राहिले, शेवटचं पोर धक्क्यावर चढलं, मग घंटा वाजवली. परत आले तेव्हा ते गेले होते. घंटा त्यांनी ऐकली, असं त्यांच्या बायकोने सांगितलं. मी त्या माणसासाठी रडले तेवढी कोणासाठीच रडले नाही.

पुढच्याच वर्षी तपासणीला साहेब आले, नेमके नवमीला. हातातलं घड्याळ बघत गडग्याखाली ताटकळले आणि जाताना शेरा लिहून गेले, "शाळा वेळेवर भरत नाही. खुलासा करावा." तोवर बदलून आलेले दुसरे हेडमास्तर घाबरले, म्हणाले, बाई, काहीतरी सांभाळून लिहा. मी वही ओढली आणि खुलासा लिहिला: "शाळा होडी लागल्यावर भरते." खाली सही ठोकली.