रात्रपाळी नसलेली नोकरी

पप्पा गेले तेव्हा माझं मानसशास्त्रात एम.ए. होऊन वर्ष झालं होतं आणि मी घरीच होते. त्यामुळे भेटायला येणाऱ्यांची मोठी सोय झाली. दुःखाच्या घरी जाऊन बोलायचं काय, हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. आलेला माणूस सतरंजीवर बसायचा, "कसं झालं?" विचारायचा, आईकडे बघून मान हलवायचा आणि मग त्याची नजर हळूहळू माझ्यावर येऊन थांबायची.

"तू काय करतेस आता?"

मी सांगायचे.

"म्हणजे माझ्या मनात आत्ता काय चाललंय ते तुला कळत असेल."

त्यांच्या मनात चहा असायचा. ते ओळखायला एम.ए. लागत नव्हतं. शेजारच्या काकू किटली घेऊन येईपर्यंत माझ्या आयुष्याची एखादी तरी दिशा ठरून जायची. एका चुलत भावाच्या मते मी पोलिसांत जायला हवं होतं, कारण खोटं बोलणारा मला चटकन कळेल. लांबच्या आत्यांना मी लग्नं जुळवावीत असं वाटत होतं. "आधी तिचं जुळू दे," असं दुसऱ्या आत्या म्हणाल्या आणि घरात पहिल्यांदा थोडं हसू झालं.

या सगळ्यांत पक्की योजना एकट्या मामांची होती. मामांचं नांदगावला खतांचं दुकान आहे आणि ते आलेलं गिऱ्हाईक रिकामं परत जाऊ देत नाहीत. त्यांनी अंबडच्या एका कारखान्यात एचआरमध्ये माझ्यासाठी शब्द टाकला होता.

"दहाव्याला हो म्हणून टाक. जागा थांबायची नाही."

"मामा, मला शाळेतल्या मुलांसाठी समुपदेशन करायचंय."

"एचआर म्हणजे वेगळं काय? माणूस रडत येतो, त्याला समजवायचं आणि परत कामावर पाठवायचं." मग आवाज उतरवून म्हणाले, "तुझ्या पप्पांचीही हीच इच्छा होती."

इथे मी अडकले. पप्पांची इच्छा काय होती, ते मला खरंच माहीत नव्हतं. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात त्यांनी तिन्ही पाळ्यांत आयुष्य काढलं. दिवसा ते खिडकीला चादर लावून झोपायचे आणि आम्ही कुजबुजत जेवायचो. "हे शिकून पुढे काय होता येतं?" असं त्यांनी मला एकदाच विचारलं होतं. मी रुग्णालयापासून कारखान्यापर्यंत सगळं सविस्तर सांगितलं. मीटरवरचा आकडा वाचावा तसं माझ्या तोंडाकडे बघत त्यांनी ऐकून घेतलं आणि डबा घेऊन ड्युटीवर गेले. पुन्हा विषय काढला नाही. त्यांनी आशा सोडली असावी, असं मी धरून चालले होते. आता मामांना खोटं कसं पाडणार?

दहाव्याला गोदाकाठच्या घाटावर आमच्याकडच्या पद्धतीप्रमाणे आधी प्रवचन झालं, मग माइकवरून श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. गावचे सरपंच म्हणाले, "भाऊंची पोरगी मेंदूची मोठी डॉक्टर हाय. मागं भाऊ मला घेऊन दवाखान्यात चौकशीला गेले होते." मी मान खाली घातली. पाठोपाठ पप्पांचे निवृत्त साहेब उठले आणि कन्या तुरुंगात आहे असं म्हणाले. सगळा घाट माझ्याकडे वळला. मामांनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी घोटभर पाणी पिऊन वाक्य पूर्ण केलं, "कैद्यांना धीर द्यायला. तिथली माहिती त्यांनी माझ्याकडूनच काढली होती." शेवटी जेल रोडकडच्या एका शाळेच्या मुख्याध्यापक बाई बोलल्या. "ते आमच्या शाळेतही येऊन गेले. मुलांशी बोलायला कोणी लागतं का, असं विचारलं. मी म्हटलं, लागतं. मग त्यांनी एकच विचारलं, रात्रपाळी असते का? मी म्हटलं, दादा, ही शाळा आहे."

लोक हसले. मला मात्र समोरचं काही दिसेना. मी घरात बसून जाहिराती चाळत होते, तेव्हा पप्पा झोप मोडून गावभर माझ्यासाठी चौकशी करत हिंडत होते.

मग पिंड मांडले. कावळे झाडावर बसून होते, पण एकही खाली येईना. अशा वेळी गेलेल्याची राहिलेली इच्छा बोलून दाखवायची असते. मामा हात जोडून पुढे झाले.

"दाजी, पोरीची काळजी करू नका. अंबडची नोकरी पक्की आहे."

कावळे बसून राहिले.

"दवाखान्यात लावू की," सरपंच म्हणाले.

एकाने मान वाकडी करून पंख साफ केले. ऊन वाढत होतं. गुरुजींनी दोनदा मोबाइल बघितला. कंट्रोल रूममध्ये पप्पांच्या शेजारच्या खुर्चीवर वर्षानुवर्षं बसलेले काका मागे उभे होते. ते पुढे आले आणि ड्युटी बदलताना बोलावं तशा आवाजात म्हणाले,

"भाऊ, तिला रात्रपाळी लागणार नाही. मी बघतो."

कावळा खाली आला.

घाटावरच्या कावळ्यांना सवयी कशा लागतात, त्यावर मी परीक्षेत पानभर लिहिलं आहे. शिवाय काकांनी पिंडाशेजारी मूठभर शेव टाकली होती, हेही मला नंतर कळलं. पण त्या वेळी आईने पदर तोंडाला लावला आणि मामा बराच वेळ जोडलेले हात सोडायला विसरले.

जेवणं झाल्यावर त्यांनी माझ्यासमोरच अंबडला फोन लावला.

"साहेब, तुमच्याकडे एचआरला नाइट शिफ्ट असते का?"

पलीकडून बरंच काही सांगितलं गेलं.

"असते ना कधीमधी? मग राहू द्या," मामा म्हणाले. फोन खिशात ठेवून माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "त्या शाळेच्या बाई गेल्या का जेवून?"

बाई चपला घालत होत्या. मामा त्यांना गाठायला पळाले.