छताची सहा भोकं

नवऱ्याने मारलं की मी आवाज करत नसे. कोहक्यात आमच्या गल्लीत घरं भिंतीला भिंत लावून आहेत आणि मला लोकांशी नजर मिळवायची आधीच लाज. मनात एकच गोष्ट धरली होती. पोरीला त्याने अजून बोट लावलेलं नाही. ती कॉलेजात जाते. जोवर तिच्यावर हात उठत नाही तोवर इथेच राहायचं, असं मी ठरवलं होतं.

समोरच्या खोलीला पीओपीचं सीलिंग केलं, तेव्हा त्यात बसणारे सहा गोल एलईडी लाइट घ्यायला आम्ही तिघं पावर हाउसच्या बाजारात गेलो. दुकानदाराने मलाच विचारलं, "भाभीजी, पीली रोशनी लेंगे कि सफेद?" मी पिवळ्याकडे बोट केलं.

नवरा हसला. "इले काय इचारता, चौथी शिकेल बाई हाय. सफेद द्या. आमच्या प्लांटात असते तशी."

"घराले प्लांट करता का बाबा?" पोरगी म्हणाली. दुकानदार हसला. बाहेर आल्यावर नवऱ्याने माझं मनगट असं दाबलं की बांगडी फुटून आत रुतली. बोलली पोरगी होती, मनगट माझं.

इलेक्ट्रिशियन तारा सोडून गेला होता. लाइट नवराच बसवणार होता. प्लांटमध्ये तो लोखंडाच्या चादरी, म्हणजे पत्रे, कापतो. तिथे चादरीवर नमुना ठेवायचा, कडेने खडू फिरवायचा, सगळ्या खुणा झाल्या की एकदम कापायचं. घरीही त्याने तेच केलं. ॲल्युमिनियमच्या घोडीवर चढला, लाइट छताला टेकवून कडेने पेन्सिल फिरवली आणि सहाही भोकं आरीने कापून टाकली. मी खाली घोडीचे पाय धरून उभी. भुगा डोळ्यांत जात होता.

मग पहिला लाइट वर ढकलला. हात सोडला तसा तो भोकातून खाली आला, माझ्या खांद्याला लागला आणि फरशीवर फुटला. लाइटची कड छताच्या खाली अडकून राहायला हवी. त्याने भोकच कडेएवढं कापलं होतं.

"तुनं घोडी हालवली," तो म्हणाला आणि वरूनच लाथ मारली. माझा ओठ दातावर फाटला. दुसरा लाइटही पडला. दुसरी लाथ कानावर बसली.

पोरगी स्वयंपाकघरातून आली. वर पाहिलं. "भोक मोठं झालं बाबा. आईले कावून मारून राहिले? भोकं का आईनं पाडली?"

तो एक पायरी उतरला, वाकला, तिची वेणी हाताला गुंडाळली आणि तिचं डोकं घोडीवर आपटलं. भुवई फुटली. पुन्हा आपटायला त्याने वेणी वर ओढली.

माझे हात घोडीवरच होते. मी घोडी ओढली.

तो हातावर पडला. हाड मोडल्याचा आवाज मला आला आणि बरं वाटलं. शिव्या देत त्याने दुसऱ्या हाताने पोरीचा पाय धरला. मी फरशीवरची आरी उचलून त्याच्या मनगटावर दाबली. दात कातड्यात शिरले.

"सोड तिले," मी म्हटलं. त्याला अरेतुरे करायची माझी पहिलीच वेळ. त्याने पाय सोडला.

शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "कैसे गिरे?"

"सीढ़ी सरक गई, साहब. लड़की को भी लग गई," नवरा म्हणाला आणि माझ्याकडे पाहिलं, मी हो म्हणावं म्हणून.

"सरकी नहीं," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "इसने लड़की को मारा. मैंने खींच दी."

तो म्हणाला, "येडी झाली हे." डॉक्टर पोरीच्या भुवईला टाके घालत राहिले.

तिथून आम्ही दोघी घरी गेलो नाही. जामुलला माझ्या बहिणीकडे जायला ऑटो केला. पोरीने डोकं माझ्या मांडीवर ठेवलं होतं.

"आई, बाबाचा हात जुडन का?"

"जुडन," मी म्हटलं. "म्हनूनच चाललो आपण."